लाल टोपण, नारिंगी टोपण

"सुई तं सुईच राह्यते भाऊ, वीसची रेघ म्हणजे वीस!" नांदगाव पेठेपासून अकोल्यापर्यंत, इन्सुलिन घेणाऱ्या घरांत ही समजूत सहज भेटते. ती चुकीची आहे, आणि चूक थोडीथोडकी नाही, अडीचपटीची आहे.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० ताकदीच्या मिळतात. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनची कार्ट्रिज मात्र १०० ताकदीची, ३ मिलिलिटरमध्ये ३०० युनिट. काही बाटल्याही १००च्या असतात. सिरिंजही त्याच हिशेबाच्या: लाल टोपण ४०चं, नारिंगी १००चं.

रेघेला औषध ओळखता येत नाही, ती फक्त जागा मोजते. नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलिटर मावतं. त्यात ४०चं इन्सुलिन भरलं, तर अंगात जातात जेमतेम ८ युनिट. साखर उतरत नाही आणि खापर फुटतं जेवणावर. उलटं झालं तर जिवावर बेततं. लाल टोपणाच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून २०च्या रेघेपर्यंत ओढलं की अर्धा मिलिलिटर येतं, म्हणजे ५० युनिट. मग घाम, थरथर, बेशुद्धी. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढूच नये, ते यासाठी.

"अडीचने गुणलं की झालं," असं हुशार पोरं सांगतात. गणित बरोबर आहे. ४०च्या बाटलीतले २० युनिट नारिंगी सिरिंजवर ५०च्या रेघेला येतात. पण रात्रपाळीहून आलेल्या माणसाने झोपेच्या डोळ्यांनी हे गणित करावं, असं मला वाटत नाही.

दुसरा गैरसमज: युनिट सगळ्या औषधांचं सारखंच. वऱ्हाडात हे समजावणं सोपं आहे. रुईची खंडी ३५६ किलोची. धान्याची खंडी म्हणजे २० मण. शब्द एक, मालागणिक वजन वेगळं. युनिटचंही तसंच. इन्सुलिनचं युनिट वजनावरून ठरलंच नाही. १९२०च्या दशकात उपाशी सशाची रक्तशर्करा किती उतरते, यावरून ते बांधलं गेलं. आज मानवी इन्सुलिनचं १ युनिट सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम धरतात. हा आकडा रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनला लावता येत नाही. त्याचं युनिट निराळं.

सेमाग्लुटाइडसारखी नवी इंजेक्शनं तर मिलिग्रॅममध्येच लिहून देतात, आणि हाडांसाठीचं टेरिपॅराटाइड रोज २० मायक्रोग्रॅम असतं. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम; एक शून्य चुकलं की डोस दहापट. अशी औषधं इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये भरून कुणी "दहा युनिट घे" म्हणालं, तर त्याने डोस सांगितलेला नाही, नारिंगी सिरिंजवरचं फक्त ०.१ मिलिलिटर सांगितलं. त्यात औषध किती, ते त्या द्रावणाच्या ताकदीवर अवलंबून.

दुकानात सिरिंज मागायला जाताना रिकामी बाटली सोबत न्या आणि म्हणा, "यावर ४० लिहेल हाय, ४०चीच द्या."