घराची शोभा घरच्या हातांची



दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की गावात एकच गडबड उडते. कुणी पांढरीची माती आणते, कुणी चुना भिजत घालते. बाया पदर खोचून भिंती पोतारायला लागतात. अंगणात सडा पडतो. दारावर तोरण चढते. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटे उठतात. दोन दिवसांत जुनेच घर नवे दिसू लागते. पाहुणा येतो आणि म्हणतो, "वा! घर कसं हसतंय!"

घराला हे हसू कुणी दिले? घरच्या बायकांनी. पुरुषमंडळी म्हणतात, "ते बायकांचं काम." असे म्हणून ते ओट्यावर गप्पा मारत बसतात. पण या कामात मोठे शहाणपण आहे. ते आज आपण समजून घेऊ.

घरातले चार रंग

पहिला रंग गेरूचा. गेरू म्हणजे लाल माती. तिला लाल रंग येतो तो लोखंडाच्या गंजामुळे. उन्हात पडलेल्या लोखंडावर जो गंज चढतो, त्याच जातीचा तो रंग. म्हणून गेरू उन्हाने सहसा विटत नाही. तुळशीवृंदावनाला, ओट्याच्या कडेला, चुलीच्या अंगाला बाया गेरू देतात तो उगीच नाही.

दुसरा रंग चुन्याचा. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. तो पाण्यात घातला की खदखदतो आणि विरतो. भिंतीवर लावला की हवेतला वायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा पुन्हा दगड! शिवाय चुना जहाल असतो. ओल्या भिंतीवर जी बुरशी धरते, ती ताज्या चुन्यापुढे टिकत नाही. पांढऱ्या भिंतीमुळे घरात उजेडही वाढतो. अंधाऱ्या माजघराला चुन्याचा एक हात द्या आणि फरक पाहा.

तिसरा रंग हळदीचा आणि चौथा कुंकवाचा. ही दोघे सख्ख्या बहिणी आहेत. हळदीत थोडा चुना कालवला की ती लाल होते. जुन्या रीतीचे कुंकू अशा हळदीचेच करीत. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. म्हणून बाया तो भिंतीला देत नाहीत. सणादिवशी उंबऱ्याला लावतात आणि पुढच्या सणाला पुन्हा नवा लावतात. कोणता रंग कुठे टिकेल आणि कुठे टिकणार नाही, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक आहे.

एका घराची गोष्ट

आमच्या पाहण्यातले एक घर आहे. मातीच्या भिंती, वर कौले. मुलगा शहरात नोकरीला लागला. दिवाळीला येताना तो तेलरंगाचे डबे घेऊन आला. म्हणाला, "आई, आता पांढरी माती कोण लावतंय? हा रंग एकदा दिला की पाच वर्षं बघायला नको."

आई म्हणाली, "लाव बाबा. पण भिंत मातीची हाय. तिचा दम कोंडंल."

मुलगा हसला. भिंती गुलाबी झाल्या, चकचकीत दिसू लागल्या. गावाने वाहवा केली. पुढे पावसाळा आला. जमिनीतली ओल भिंतीत चढली. मातीच्या भिंतीत ओल चढते आणि वाऱ्याने वाळूनही जाते. पण आता वरून तेलरंगाचा पापुद्रा बसला होता. ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही. भिंतीला फोड आले. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे मातीसकट गळू लागले. एके दिवशी रांगते नातवंड तो पोपडा तोंडात घालताना आईने पाहिले. तिने धावत जाऊन तो काढून घेतला.

आईने त्याच आठवड्यात नातवंडाला शेजारी पाठवले. भिंत पाण्याने भिजवून सगळा रंग खरवडून काढवला. पोपडे वेचून पोत्यात भरले, अंगणात एकही पडू दिला नाही. मग मातीचा गिलावा केला आणि वर चुन्याचा हात दिला. मुलगा सुट्टीला आला तेव्हा काही बोलला नाही. त्याने बादली उचलली आणि पाणी आणायला गेला.

पोपड्याची भीती कशासाठी? जुन्या तेलरंगांत पुष्कळदा शिसे असे. शिसे पोटात गेले की लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. गेलेले नुकसान भरून येत नाही. म्हणून सरकारने 2016 साली नियम केला. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे असता कामा नये असे ठरले. रंग घ्यावाच लागला तर डब्यावर शिशाबद्दल काय छापले आहे ते वाचा. आता तुम्हाला वाचता येते! जुना रंग मात्र कधी कोरडा घासू नका. भिजवून काढा, आणि पोरांना दूर ठेवा.

डब्यातला रंग वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. लाकडी दाराला, लोखंडी गजांना तेलरंग चांगला. पण मातीच्या भिंतीला माती आणि चुनाच मानवतो.

चुना कसा करावा

एक किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी लागते. भांडे मातीचे किंवा लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमचे घेऊ नका, चुना ते खातो. प्लॅस्टिकची बादलीही नको, उष्णतेने ती वितळेल. आधी पाणी घ्या, त्यात चुना बेताबेताने टाका. तो उसळतो, म्हणून दूर उभे राहा. एक दिवस व एक रात्र तसाच राहू द्या. मग जाड फडक्यातून गाळा. थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला, म्हणजे हाताला चुना लागणार नाही. पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ घाला. भिंत झाडून जराशी ओली करा आणि एक हात वाळल्यावर दुसरा द्या.

एक गोष्ट विसरू नका. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. तसे झाले तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, धूतच राहा आणि दवाखाना गाठा. चुना विरत असताना लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

हे काम जड आहे. पाणी वाहणे, चुना ढवळणे, शिडीवर चढणे हे सारे एकट्या बाईने का करावे? घर दोघांचे आहे. ओट्यावरच्या मंडळींनी उठून हात लावावा.

नक्षी म्हणजे आठवण

रंग झाला की नक्षी येते. शिरगोळ्याची पूड चिमटीत धरून बाया रांगोळी घालतात. भाताच्या मुलखात तूस जाळून त्याची पांढरी राख रांगोळीला वापरतात. चैत्रात दारापुढे चैत्रांगण काढतात. त्यात गौर असते, चंद्रसूर्य असतात, शंख, कमळ, तुळस, गाईची पावले असतात. सारे काही आजीने आईला दाखवले आणि आईने लेकीला.

पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हारकडे वारली लोक राहतात. त्यांच्या लग्नघरी सवाशिणी गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला कुंचला. चौकात पालघट देवी असते. चौक काढला असे त्या म्हणत नाहीत. चौक लिहिला, असे म्हणतात. ज्यांना जग निरक्षर म्हणत होते, त्या बाया भिंतीवर लिहीतच होत्या!

पुढे 1970 नंतर त्याच भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे लग्नाच्या चौकाबाहेर, कागदावर आणि कापडावर आणली. ती देशोदेशी गेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले. पण या कलेचे मूळ त्या सवाशिणींच्या बोटांत होते, हे आपण विसरू नये.

आता तुमच्याकडे एक काम. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादी म्हातारी आजी असेल. तिला चैत्रांगणातली सगळी चित्रे पाठ असतील. गेरूत काय घालायचे, कोणत्या ओढ्याची माती चांगली, हे तिला ठाऊक असेल. ती गेली की तिच्याबरोबर तेही जाईल. वही घ्या, तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "आजी, सांगा. मी लिहून घेते." प्रत्येक चित्र काढा, खाली त्याचे नाव लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आजीची पहिली रांगोळी कुठे सरळ आली होती?

भिंतीवरचा चुना वर्षाने उतरतो. अंगणातली रांगोळी सांजेपर्यंत पुसली जाते. वहीत उतरलेले मात्र तुमच्या नातीच्या हाती पडेल.