पाळी अर्धी, पगार किती?

उमापूर हे गेवराई तालुक्यातलं, कापूस आणि उसाच्या भरवशावर जगणाऱ्या पट्ट्यातलं गाव. इकडच्या घरांत पगाराच्या तऱ्हा तरी किती! एक भाऊ वाळूजच्या कंपनीत कंत्राटदाराकडे, दुसरा हंगामात जिनिंगवर, चुलता-चुलती कोयता घेऊन कारखान्याला. या सगळ्यांवर एकच संकट कधीही येतं. कामावरून कोणी काढत नाही, पण काम कमी होतं. ‘उद्यापासून सेकंड शिफ्ट बंद’, ‘आज दुपारीच सुट्टी’, ‘गव्हाण बंद आहे, दोन दिवस तोड नाही’. नोकरी कागदावर शाबूत राहते आणि हातात येणारा पैसा निम्मा होतो. अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात, कारण ‘काम नाही तर दाम नाही’ हाच कायदा आहे, अशी पक्की समजूत असते. ती समजूत चुकीची आहे, आणि आजची नाही तर गेल्या सत्तर वर्षांपासून चुकीची आहे.

1953 साली देशातल्या कापड गिरण्यांत माल साचला आणि काही गिरण्या एखादी पाळी बंद करायच्या तयारीला लागल्या. हजारो कामगारांवर एकाएकी घरी बसायची वेळ येणार होती. व्ही. व्ही. गिरी तेव्हा केंद्रात कामगार मंत्री होते. त्या ऑक्टोबरात औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या भरपाईची तरतूद आली. मालकाकडे काम नाही, कच्चा माल नाही, वीज नाही किंवा यंत्र बंद पडलं, म्हणून हजेरीपटावरच्या कामगाराला काम देता आलं नाही, तर त्या दिवसाचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचा निम्मा वाटा त्याला मिळायचा. नुकसान दोघांनी वाटून घ्यायचं, असा हा सरळ हिशेब. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण निम्म्या पगाराचा हा हक्क तिनेही कायम ठेवला आहे.

यातला एक बारकावा कामगाराने नीट समजून घ्यावा. ठरलेल्या वेळेला तुम्ही गेटवर हजर झालात आणि दोन तासांत काम मिळालं नाही, तर तो पूर्ण दिवस ले-ऑफचा धरला जातो. ‘आत्ता जा, दुपारच्या अर्ध्या पाळीला या’ असं सांगितलं आणि दुपारी काम दिलं, तर ले-ऑफ फक्त अर्ध्या दिवसाचा. दुपारी बोलावूनही काम दिलं नाही, तर त्या अर्ध्या दिवसाचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो. सगळं हजेरीवर टांगलेलं आहे. फोनवर ‘येऊ नको’ ऐकून जो घरी थांबला, त्याला आपण कामाला तयार होतो हे पुढे सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून गेटवर जावं, पंचिंग करावं, मस्टरवर सही करावी. तीही करू देत नसतील तर निदान निरोपाचा मेसेज जपून ठेवावा.

मात्र या भरपाईला कुंपण घातलेलं आहे. सलग एक वर्षाची नोकरी हवी, म्हणजे वर्षात 240 दिवस काम भरलेलं असावं. आस्थापनेत किमान 50 कामगार हवेत. बदली कामगार आणि हंगामी आस्थापना तिच्याबाहेर. म्हणजे जिनिंग गेलं, छोटं वर्कशॉप गेलं, आमच्या पट्ट्यातला बहुतेक रोजगार एका फटक्यात बाहेर गेला. मोठ्या कारखान्याने ले-ऑफ देण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची अट पूर्वी 100 कामगारांपासून लागू होती, नव्या संहितेत ती 300 वर गेली. हा बदल कामगाराच्या विरोधात गेला, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे.

मग कुंपणाबाहेरच्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी एक जुनं कलम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कायद्यांत तेच सर्वांत मोलाचं आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यात ते होतं, आता वेतन संहितेच्या दहाव्या कलमात आहे. ज्याचं किमान वेतन दिवसाच्या हिशेबाने ठरलं आहे, तो कामावर आला आणि मालकाने पुरेसं काम दिलं नाही म्हणून कमी तास भरले, तर पगार पूर्ण दिवसाचा द्यायचा. काम करायला कामगारच तयार नसेल, तर गोष्ट वेगळी. जिनिंगवर सकाळी आठला आलेल्या बाईला कापसाची गाडी आली नाही म्हणून बाराला घरी पाठवलं आणि अर्धी हजेरी मांडली, तर तिचा अर्धा रोज बुडवला असाच त्याचा अर्थ होतो. थकलेल्या वेतनाचा दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे; पूर्वी किमान वेतन कायद्यात सहाच महिने होते. कामगार अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर तक्रार देता येते.

कायमचे तास बदलायचे असतील, तर आणखी एक पायरी आहे. कामाचे तास किंवा पाळ्यांची पद्धत बदलून कामगाराच्या सेवाशर्तींवर परिणाम होणार असेल, तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. रात्री ग्रुपवर टाकलेला मेसेज ही नोटीस नव्हे.

कंत्राटी कामगाराचं दुखणं निराळंच. कंपनी म्हणते, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणतो, कंपनीने बिल दिलं नाही. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायद्यात आहे. याचा मराठवाड्यातला दाखला तुळजापूरचा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तुळजाभवानी मंदिर बंद झालं आणि तिथल्या कंत्राटी सुरक्षारक्षक व सफाई कामगारांच्या पगाराला कात्री लागली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. 12 मे 2020 रोजी न्यायालयाने म्हटलं की कामगार कामाला तयार होते, मंदिरच बंद होतं. अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही. जेवण आणि प्रवासाचा भत्ता वगळून पगार द्यायचा आदेश झाला. काम का झालं नाही आणि त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न न्यायालयाने आधी विचारला. प्रत्येक कामगाराने आपल्या मालकाला हाच प्रश्न विचारायला हवा.

मालकाची अडचण खोटी असते असं मी म्हणत नाही. मागणी पडते, बिलं अडकतात, छोटा उद्योजक स्वतः कर्जात असतो. कायद्यालाही ते मान्य आहे, म्हणून तर ले-ऑफला निम्माच पगार ठेवला. पण गिऱ्हाईक न येण्याचा अख्खा भार चारशे-पाचशे रुपये रोज असलेल्या माणसावर टाकणं, हे अडचणीचं उत्तर होऊ शकत नाही.

आणि या सगळ्या कलमांच्या पार टोकाला ऊसतोडीचा कोयता उभा आहे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांवर आला. वाढ मोठी होती, ती संपाच्या जोरावर मिळाली. पण तो दर तोडलेल्या उसाचा. नवरा-बायकोने दिवसात दोन टन तोडले तर 732 रुपये, दोघांचे मिळून. पाऊस पडून फडात चिखल झाला, कारखान्याचा बिघाड झाला, गाडीला नंबर लागेना, तर कोपीवर बसून राहिलेल्या दिवसाचे शून्य. उलट मजुराने खाडा केला, की मुकादम तो उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, वळता करून घेतो. एकाच कामात मजुराच्या खाड्याला किंमत आहे आणि कारखान्याच्या खाड्याला नाही, याहून उघड अन्याय कुठला? त्यात हंगाम लवकर आटोपला, तर फिटायची राहिलेली उचल पुढच्या वर्षावर जाते आणि कुटुंब त्याच मुकादमाला बांधलं जातं.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं आहे, त्यासाठी गाळपावर टनामागे दहा रुपये ठरले आहेत. मुलांची वसतिगृहं, विमा यांसाठी त्याचा उपयोग आहेच. पण दराचा करार पुन्हा होईल तेव्हा टनाच्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा मागायला हवा: कारखान्याच्या कारणाने तोड थांबली, त्या दिवसाचा कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे, किती? गिरणी कामगाराला तो 1953 साली मिळाला.