वाहनाचा खर्च कोणत्या खात्यावर?

पेढीवर बसणाऱ्या माणसाला जमाखर्चाचा एक नियम लहानपणीच शिकवला जातो. ज्या व्यवहाराची नोंद झाली नाही तो मिटलेला नसतो. तो थकबाकी होऊन पुढच्या वर्षाच्या पानावर येतो. गेल्या शंभर वर्षांत आपण खनिज तेलाचा हिशेब असाच अर्धवट ठेवला. लिटरमागे किती रुपये मोजले ते आपल्या वहीत आहे. त्या लिटरचा धूर कोणाच्या छातीत गेला, देशाचे किती परकीय चलन बाहेर गेले आणि हवामान किती बिघडले, यांची नोंद कोणीच केली नाही. आता विजेवरची वाहने बाजारात आली आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक आज विजेवर चालणाऱ्या आहेत. दुचाकी आणि मोटारी अजून मागे असल्या, तरी प्रत्येक व्यापारी कुटुंबापुढे पुढील काही वर्षांत हा प्रश्न येणार आहे. त्याचे उत्तर जाहिरातीवरून देऊ नये, आणि सवयीवरूनही देऊ नये. पुरती वही मांडून द्यावे.

तेलाचे पान

आसाममधील डिगबोई येथे १८८९ मध्ये तेल लागले आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायचे तेल शोधून काढले. त्या शोधाचा देशाला मोठा आधार झाला, पण गरज त्याहून वेगाने वाढली. आज आपण वापरतो त्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक परदेशातून येते. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांतच अकरा-बारा डॉलरवर गेला. त्यानंतरच्या प्रत्येक युद्धात होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे पाहून आपल्याकडच्या मालवाहतुकीचे दर ठरत आले. एकाच परगावच्या अडत्यावर सगळा धंदा सोपवू नये, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. इंधनाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करत आलो.

वीज नवी नाही

विजेवरची वाहतूक म्हणजे कालपरवाची परदेशी टूम आहे, असा एक समज आढळतो. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत गेली. १९३० मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनने विजेच्या इंजिनावरच बोरघाट चढला. मुंबईच्या कापडगिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली ती १९१५ पासून, खोपोलीच्या वीजघरातून.

या इतिहासातच दोन सावधानतेच्या नोंदी आहेत. रेल्वेने आपल्या विजेसाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला जे वीजघर उभारले ते कोळशावर चालत असे. डब्यातील प्रवाशाला धूर लागत नव्हता, कारण तो ठाकुर्लीला निघत होता. दुसरी नोंद मुळशीची आहे. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीचे धरण ठरले तेव्हा मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ पासून पुढील तीन वर्षे सत्याग्रह चालला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. पाण्याची वीज धूर सोडत नाही, तरी तिची किंमत कोणीतरी भरली होती. स्वच्छ म्हटलेल्या प्रत्येक ऊर्जेला 'ही कोठून आली?' हे विचारण्याचा अधिकार, किंबहुना कर्तव्य, आपल्याला या इतिहासाने दिले आहे.

दोन चाकांचा ताळेबंद

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. दुकानाचा माल पोहोचवणारी एक स्कूटर रोज पन्नास किलोमीटर चालते आणि वर्षात तीनशे दिवस काम करते, असे धरू. म्हणजे वर्षाला पंधरा हजार किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जात असेल, तर ३३३ लिटर पेट्रोल लागेल. सोयीसाठी दर १०५ रुपये धरला, तर खर्च सुमारे ३५,००० रुपये होतो. विजेच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट धरले, तर वर्षाला ५२५ युनिट लागतील. युनिटला दहा रुपये दराने त्याचे ५,२५० रुपये होतात. वर्षाला जवळजवळ तीस हजारांचा फरक पडतो. याचे मुख्य कारण यंत्राच्या गुणधर्मात आहे. पेट्रोलचे इंजिन इंधनातील जेमतेम पाव ते तीस टक्के ऊर्जा चाकापर्यंत नेते आणि उरलेली उष्णता म्हणून वाया घालवते. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर कामी लावते.

पण वही येथे बंद करता येत नाही. आपल्या देशातील सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशापासून तयार होते. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची राख मुंबईकराच्या अंगणात पडत नाही, म्हणून ती नसते असे नाही. तेव्हा धुराचाही हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. देशाच्या सरासरी विजेच्या एका युनिटमागे तो सुमारे ०.७ किलो असतो. आपल्या उदाहरणात पेट्रोलची स्कूटर वर्षाला ७६६ किलोच्या आसपास कर्बवायू सोडते आणि विजेची सुमारे ३६८ किलो. कोळशाची वीज वापरूनही भार निम्म्याच्या खाली येतो, परंतु शून्य होत नाही.

तो शून्याकडे नेण्याचा मार्ग आपल्या छपरावर आहे. एक किलोवॉटचे सौर पॅनेल महाराष्ट्राच्या उन्हात वर्षाला बाराशे युनिटांहून अधिक वीज देते. वरच्यासारख्या दोन स्कूटरना ती पुरून उरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती छपरासाठी तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते दुकानाला वा गोदामाला मिळत नाही. तथापि व्यापारी विजेचा दर घरगुती दराहून चढा असतो, त्यामुळे तेथे घातलेली रक्कमही बहुधा लवकर वसूल होते. वाहन दुपारच्या विश्रांतीत गोदामाच्या छपराखाली चार्ज होत असेल, तर उन्हाचा थेट उपयोग होतो.

बॅटरीचे खाते

तिसरे पान बॅटरीचे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१० च्या सुमारास एक किलोवॉट-तास क्षमतेमागे एक हजार डॉलरहून अधिक असलेली तिची किंमत २०२४ पर्यंत सव्वाशेच्या आत आली. सध्याच्या बदलाचे खरे इंजिन ही घसरणच आहे. परंतु काही प्रकारच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट लागतो. जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशाच्या खाणींतून येतो, आणि त्यांतील काही खाणींत लहान मुले राबतात. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट नसतो, ती तुलनेने सुरक्षित असते आणि अधिक वेळा चार्ज होऊ शकते. म्हणून खरेदी करताना 'बॅटरी कोणत्या जातीची?' हा प्रश्न गाडीच्या रंगाआधी विचारावा.

बॅटऱ्यांच्या बाबतीत आज चीनचे वर्चस्व आहे. म्हणजे एका अडत्याकडून सुटून दुसऱ्याकडे अडकण्याचा धोका आहेच. फरक एवढा की तेल आणले त्याच दिवशी जळून जाते. बॅटरी काही वर्षे चालते आणि शेवटी तिच्यातील धातू परत काढता येतात. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये, हे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.

धंद्याचे काय?

आपल्यापैकी अनेक कुटुंबांची गुजराण गाड्यांचे सुटे भाग, इंजिन ऑइल, पेट्रोलपंप आणि मालवाहतूक यांवर आहे. त्यांच्या मनातील धास्ती खोटी नाही. विजेच्या गाडीला स्पार्क प्लग, सायलेन्सर, ऑइल फिल्टर आणि इंजिन ऑइल लागतच नाही. टायर, ब्रेक, बेअरिंग, शॉक अब्सॉर्बर, दिवे हा माल लागत राहील. जुन्या गाड्या रस्त्यावर असेपर्यंत जुना मालही खपेल, पण पुत्राच्या हाती तेच दुकान त्याच मालासह सोपवता येईल असे समजू नये. ज्याच्याकडे इंजिनाचा माल अधिक आहे त्याने तो नव्याने भरताना हात आखडता घ्यावा. घरातील तरुणाने चार्जर, वायरिंग आणि बॅटरीदुरुस्तीचे ज्ञान आताच मिळवावे. धंदा बुडाल्यावर शिकलेली विद्या महाग पडते.

गोदामात चार्जिंग करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आगीच्या घटनांनंतर दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसाठी 'एआयएस-१५६' हे मानक कडक करण्यात आले. त्याची पूर्तता पाहूनच वाहन घ्यावे. कापड, कागद वा तेलाच्या डब्यांशेजारी चार्जर लावू नये आणि रात्री कुलूपबंद जागेत वाहन चार्जिंगला लावून जाऊ नये.

परिमाण आणि जयणा

उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामचा आनंद हा संपन्न गृहस्थ भगवान महावीरांसमोर श्रावकव्रते घेतो. त्या वेळी तो आपल्या गाड्यांचीही मर्यादा ठरवतो: पाचशे गाडे दूरच्या प्रवासासाठी, पाचशे मालाच्या ने-आणीसाठी, त्यापलीकडे नाही. त्याच ठिकाणी पंधरा कर्मादाने येतात. त्यांत अंगारकर्म आहे, शकटकर्म आहे, भाड्याने वाहने देणारे भाटककर्म आहे, जमीन फोडणारे स्फोटकर्म आहे. इंधन, वाहन आणि खाण यांत हिंसा आहे, हे आपल्या परंपरेने तेलाच्या शोधाच्या कितीतरी आधी ओळखले होते. या दृष्टीने पाहिले तर विजेचे वाहनही निर्दोष ठरत नाही. त्याच्यामागेही खाण आहे आणि बहुतेक ठिकाणी अंगारही आहे.

गृहस्थाला संपूर्ण आरंभत्याग शक्य नसतो, म्हणून त्याच्यासाठी जयणा सांगितली आहे: जे करावे लागते ते कमीत कमी हानी होईल अशा काळजीने करणे. या कसोटीवर क्रम स्पष्ट होतो. आधी अनावश्यक फेऱ्या कमी कराव्या; एकाच पेठेतील तीन दुकानांचा माल एका गाडीत जाऊ शकतो. मग जी गाडी रोज सर्वाधिक धावते ती प्रथम विजेवर न्यावी. मग तिची वीज छपरावर तयार करावी. घरात उभी राहणारी तिसरी मोटार विजेची आहे म्हणून पुण्याची ठरत नाही. न घेतलेल्या मोटारीइतकी स्वच्छ मोटार अजून कोणी बनवलेली नाही.

येत्या दिवाळीला नवी वही उघडताना वाहनखर्चाच्या पानावर रुपयांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखावेत: वर्षात किती लिटर इंधन जाळले आणि किती युनिट वीज स्वतः तयार केली. पुढच्या दिवाळीला पहिला आकडा उतरलेला आणि दुसरा चढलेला दिसला, तर त्या वर्षाचा नफा दोन्ही अर्थांनी नफा म्हणता येईल.