सातवा मजला आणि सहाशे फूट खाली

लातूरमध्ये फ्लॅट दाखवणारा माणूस बाल्कनीतला व्ह्यू नंतर दाखवतो. आधी बोअर! ताईसाठी घर बघायला गेलो तेव्हा पार्किंगच्या कोपऱ्यातल्या पाइपावर हात ठेवून तो अभिमानानं म्हणाला, "सहाशे फुटांवर पाणी आहे मॅडम, टेन्शनच नाही."

मी नांदेडची. गोदावरी आणि विष्णुपुरीच्या भरवशावर वाढलेली. बोअरच्या खोलीवर घर ठरतं हे मला नवीन होतं. ताई मात्र २०१६ पासून लातूरला आहे. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणी-रेल्वे आली, दहा वॅगन, प्रत्येकी ५० हजार लिटर, ते तिनं पाहिलंय.

बिल्डिंग अगदी 'लातूर पॅटर्न'ची. खाली दुकानं, वर क्लासेस, त्यावर मुलांचं होस्टेल, मग फ्लॅट्स. मी कॅल्क्युलेटर काढला (सवय!). पाणी खरंच सहाशे फुटांवर असेल आणि पंपाचा निम्मा जोर वाया जातो असं धरलं, तर हजार लिटर वर आणायला साधारण एक युनिट वीज लागते. तेच पाणी जमिनीपासून गच्चीवरच्या टाकीत चढवायला? युनिटचा सातवा भाग. म्हणजे ही बिल्डिंग वर जेवढी उंच, त्याच्या सातपट जमिनीत! रोजचे वीस हजार लिटर धरले तर बोअरलाच वीस युनिट. एक किलोवॉट सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे पाच किलोवॉट नुसत्या बोअरसाठी.

आणि गंमत अशी, की वीज फुकट झाली तर बोअर आणखीच उपसला जाणार. म्हणून सोलरच्या आधी पाण्याचं बघायला हवं. तीनशे चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारं सोडून दीड लाख लिटरच्या वर पाणी हाती येतं. या बिल्डिंगला आठ दिवस पुरेल. कमी वाटतं ना? मलाही वाटलं. पण माणशी १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ फ्लशमध्ये जातात. होस्टेलच्या अंघोळीचं पाणी गाळून तिथं वापरलं, तर रोजचा तिसरा हिस्सा वाचतो. त्यासाठी पाइपांची वेगळी लाइन लागते आणि ती बांधतानाच टाकावी लागते. नंतर म्हणजे भिंती फोडणं आलं.

तो खर्च कोणी करायचा? मेंटेनन्स चौरस फुटांवर. दुकानदार म्हणतात, आम्ही दिवसाला एक बादली वापरतो. होस्टेलमध्ये एकेका खोलीत चार-चार पोरं. सोसायटीचे सेक्रेटरी काका हसले, "पाण्याला मीटर लावू म्हटलं की मीटिंगच संपते वो."

निघताना ताईनं एजंटला विचारलं, "मुलांच्या अंघोळीचं पाणी जातं कुठं?"

त्यानं बाहेरच्या गटाराकडे बोट केलं. ताईनं अजून टोकन दिलेलं नाही.