पाच तोळ्यांचा चेंडू

जबलपूरच्या सराफ्यात, कमानिया गेटजवळ, आत्याच्या पाटल्या सैल करून घ्यायला गेलो होतो. सोनाराने तिच्या मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "अम्माजी, अँगूठा अंदर," म्हणत त्याने तिला अंगठा तळव्यात दुमडायला लावला आणि हात जिथे सगळ्यांत रुंद असतो तिथे माप घेतलं. दो-छह. म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग करून त्यातले सहा. पाटली अडते ती तळव्याशी. मनगटापर्यंत पोचली की ती मोकळी फिरते, इतकी ती जागा निमुळती.

त्या निमुळत्या जागेत आठ हाडं आहेत. खडीसारखी, दोन ओळींत बसवलेली. बोटं हलवणारे मोठे स्नायू वर कोपराकडे असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून पुढे जातात. मला सगळ्यांत नवल वाटतं ते कोपराकडच्या ओळीतल्या तीन मुख्य हाडांचं. त्यांना एकही कंडरा जोडलेली नाही. त्यांना ओढणारं कुणीच नाही. शेजारची हाडं ढकलतील तशी ती कलतात, वळतात, आणि तरीही हात हवा तिथेच पोचतो.

करंगळीच्या बाजूला एक कंडरा हाडातल्या खाचेतून जाते आणि वरून पातळ म्यान तिला धरून ठेवतं. सोनार पोलादी पट्टीच्या भोकातून तार ओढतो, ते पाहताना मला हीच कंडरा आठवते. फरक एवढाच की सोनाराची तार सरळ जाते. तळवा वर वळला की या कंडरेला मात्र वळण घ्यावं लागतं आणि ती खाचेबाहेर निसटू पाहते. अशा अवस्थेत मनगट जोरात वाकलं तर म्यान फाटू शकतं. टेनिस खेळणाऱ्यांना ही दुखापत चांगली ठाऊक असते.

टेनिसचा चेंडू साधारण 58 ग्रॅमचा. जुन्या तोळ्याच्या हिशेबाने बरोबर पाच तोळे! हे पाच तोळे वेगाने येतात आणि रॅकेटच्या जाळीवर सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग टेकतात. तेवढ्या वेळात धडक लागल्याची खबर मेंदूपर्यंत पोचतही नाही. खेळाडूला फटका जाणवतो तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. जे करायचं ते मनगटाने आधीच करून ठेवलेलं असतं, दिवसातून शेकडो वेळा, लहानपणापासून.

मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाचा फोरहँड असाच मनगटातून सुटायचा. 2005 साली हैदराबादच्या स्पर्धेत ती डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. 2007 च्या ऑगस्टमध्ये ती जगात 27 वी होती. बरोबर वर्षभराने, बीजिंग ऑलिंपिकमध्ये, पहिल्याच फेरीचा सामना तिला उजव्या मनगटामुळे अर्धवट सोडावा लागला. त्या काळात केस विंचरणंही जमत नव्हतं, असं तिने पुढे सांगितलं आहे. चेंडूला एवढी गती देणाऱ्या हाताला कंगवा पेलेना, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्वतःचं मनगट चाचपत बसलो होतो.

आणि पाचच महिन्यांनी, जानेवारी 2009 मध्ये, महेश भूपतीबरोबर तिने ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली.

मनगट आणि दोन्ही गुडघे अशा तीन शस्त्रक्रियांनंतर 2013 साली तिने एकेरी सोडली ती कायमची. लोक याला अर्धी निवृत्ती म्हणत. पण दुहेरीचं गणित मांडून पाहा. एकेरीचं मैदान 27 फूट रुंद आणि सांभाळणारी एकटी. दुहेरीचं 36 फूट, पण सांभाळायच्या दोघी. म्हणजे वाट्याला 18 फूट. चेंडूही दोघींत वाटले जातात. गुडघ्यांचं धावणं कमी होतं, फटक्यांची संख्या घटते, आणि मनगटात उरलेला तो एक जबरदस्त फोरहँड नेमक्या क्षणासाठी राखता येतो.

जोडीदारीण मिळाली तीही दुखापतीनेच घडवलेली. मार्टिना हिंगिस 1997 मध्ये सोळाव्या वर्षी जगात पहिली होती आणि 2003 मध्ये, बाविसाव्या वर्षी, घोट्यांच्या दुखण्याने निवृत्त झाली होती. पुन्हा आली, गेली, पुन्हा आली. मार्च 2015 मध्ये या दोघी एकत्र आल्या. सानियाने मागून फोरहँड मारायचा, हिंगिसने जाळ्याजवळ चेंडू टिपायचा. त्याच वर्षीच्या विम्बल्डन अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये 2-5 अशा मागे असताना त्यांनी तो सेट 7-5 असा फिरवला. पुढे अमेरिकन ओपन, मग 2016 ची ऑस्ट्रेलियन ओपन आणि सलग 41 विजय. सानिया दुहेरीच्या क्रमवारीत एकूण 91 आठवडे पहिली राहिली. एक दुखरं मनगट आणि दोन दुखरे घोटे, एवढ्या भांडवलावर हे उभं राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

2022 मध्ये हाताच्या दुखापतीने तिची अमेरिकन ओपन हुकवली आणि निरोपही लांबवला. जानेवारी 2023 मध्ये मेलबर्नला रोहन बोपण्णाबरोबर ती मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळली, हरली, आणि फेब्रुवारीत दुबईत थांबली. त्याच वर्षी सप्टेंबरात, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, बोपण्णाच्या शेजारी सानियाच्या जागी श्रीरामपूरची ऋतुजा भोसले उभी होती. पहिला सेट 2-6 असा गमावून त्यांनी मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

सोनाराने पाटली आत्याच्या हातात दिली. तिने अंगठा दुमडला, हाताला जरा साबण लावला, आणि पाटली बोटांच्या मुळाशी क्षणभर अडून खाली सरकली.