मोजके पाणी, भरघोस फुले : अडेनियमची जोपासना

शहरांतील घरांच्या गच्चीवर, सज्जात, पेढीच्या पायरीशेजारी गेल्या काही वर्षांत एक आगळे झाड वरचेवर दिसू लागले आहे. उंचीने ठेंगणे, बुंधा मात्र गलेलठ्ठ आणि फांद्यांच्या टोकांना गुलाबी-तांबड्या कर्ण्यासारख्या फुलांचे झुबके. रोपवाटिकेत त्याला 'अडेनियम' म्हणतात; इंग्रजीतून आलेले 'डेझर्ट रोझ', म्हणजे वाळवंटातील गुलाब, हे नावही प्रचलित आहे. गुलाबाशी त्याचे काही नाते नाही. ते कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली आणि सप्तपर्णी यांच्या कुळातले आहे.

हौसेने आणलेले हे झाड अनेक घरांत पहिल्याच पावसाळ्यात दगावते. घरचे लोक हळहळतात, 'रोज न चुकता पाणी घालत होतो' असे सांगतात. त्या वाक्यातच झाडाच्या मृत्यूचे कारण दडलेले असते. अडेनियम पाण्याच्या अभावाने क्वचितच मरते. ते मरते पाण्याच्या अतिरेकाने. हे का घडते, ते समजण्यासाठी आधी त्याची मायभूमी पाहिली पाहिजे.

मायभूमी आणि नाव

आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात, पश्चिमेच्या सेनेगलपासून पूर्वेच्या सोमालियापर्यंत, तसेच केनिया व टांझानियात हे झाड रानोमाळ वाढते. तांबडा समुद्र ओलांडला की अरबस्तानात, येमेन आणि ओमानच्या खडकाळ उतारांवरही ते आढळते. सोकोत्रा बेटावरची त्याची जात तर वृक्षाएवढी होते. या सर्व प्रदेशांत पाऊस थोडा, तोही वर्षातील मोजकेच दिवस. उरलेला काळ रखरखीत उन्हाचा.

या झाडाची पहिली शास्त्रीय नोंद करणाऱ्या पीटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाची कथा चटका लावणारी आहे. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी सहा जणांची तुकडी पाठवली, तीत तो होता. १७६३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, येमेनमध्ये हिवतापाने त्याचा अंत झाला. तुकडीतील कार्स्टन निबूर पुढे जहाजाने मुंबईस पोहोचला. त्याच्या उरलेल्या अखेरच्या सहकाऱ्यानेही मुंबईतच प्राण सोडला. एकटा निबूर मायदेशी परतला आणि मित्राच्या नोंदी त्याने १७७५ मध्ये छापून काढल्या. त्यांत या झाडाला कण्हेरीच्या वंशात घालून 'ओबेसम', म्हणजे लठ्ठ, असे विशेषण दिलेले आहे. पुढे १८१९ मध्ये स्वतंत्र वंश मानून त्याला 'अडेनियम' हे नाव मिळाले, ते एडन बंदरावरून. हेच एडन ब्रिटिश अमदानीत १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. तेव्हा हे नाव आपल्याला वाटते तितके परके नाही.

बुंध्यातील कोठार

अडेनियमच्या फुगीर भागाला बोलीत 'कंद' म्हणतात. वस्तुतः तो कंद नव्हे. खोडाचा बुंधा आणि मुळांचा वरचा भाग फुगून झालेले ते पाण्याचे कोठार आहे. पावसाच्या चार सरींत हे कोठार भरायचे आणि पुढचे कोरडे महिने त्यावर काढायचे, असा या झाडाचा जीवनक्रम. फारच टंचाई आली तर ते पाने टाकून देते, खर्च कमी करते आणि निश्चल राहते. भरभराटीच्या दिवसांत साठवण आणि मंदीत काटकसर, हा व्यवहार आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच पंधरा दिवसांसाठी घर बंद करून यात्रेला किंवा गावी जाणाऱ्या कुटुंबांना हे झाड सोयीचे आहे. एकदा पाणी घालून निघावे; परत येईपर्यंत ते खुशाल उभे असते.

ऊन, कुंडी आणि माती

अडेनियमला रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेले झाड लांबट, अशक्त फांद्या काढते आणि फुलत नाही. गच्ची किंवा दक्षिण-पश्चिमेचा सज्जा उत्तम. सावलीतून आणलेले रोप मात्र एकदम कडक उन्हात ठेवू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय लावावी.

कुंडी मातीची, उथळ व पसरट असावी आणि तळाला मोठी छिद्रे असावीत. बुंध्याच्या सभोवार दोन-तीन बोटे जागा राहील एवढेच तिचे आकारमान पुरे. मोठ्या कुंडीतील जादा माती दीर्घकाळ ओली राहते, आणि तेच घातक.

माती अशी हवी की वरून घातलेले पाणी क्षणार्धात तळातून बाहेर यावे. आपली काळी माती यासाठी अजिबात योग्य नाही. जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि कोळशाचे खडे मिळून दोन भाग. आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत एक भाग, असे मिश्रण करावे. मूठभर निंबोळी पेंड त्यात मिसळावी. बांधकामाची बारीक, भुरभुरीत वाळू घेऊ नये. ती घट्ट बसते.

पाणी : ऋतूप्रमाणे

आठवड्यातून किती वेळा पाणी घालावे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. कोरडे लागले तर भरपूर पाणी घालावे, ओल लागली तर थांबावे. थोडे-थोडे रोज शिंपडण्यापेक्षा एकदा तृप्त करून नंतर सुकू देणे, हीच या झाडाची मायभूमीतील रीत आहे.

उन्हाळ्यात झाड जोमात असते. तेव्हा दोन-तीन दिवसांआड, छोट्या कुंडीला रोजही, पाणी लागू शकते. हिवाळ्यात त्याची वाढ मंदावते, पाने पिवळी पडून गळतात. हे आजारपण नव्हे, विश्रांती आहे. अशा वेळी पंधरा-वीस दिवसांतून एकदा थोडे पाणी पुरे. पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला की पाणी थांबवावे व कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्यावी. गारठा एकवेळ सोसतो. गारठा आणि ओल एकत्र सोसत नाही.

खरी कसोटी पावसाळ्याची. मुंबई-कोकणात सलग आठवडाभर पाऊस पडतो, सूर्यदर्शन होत नाही. तेथे मृगापूर्वीच कुंड्या पन्हळीखालून हलवून छपराच्या कडेला, उजेड मिळेल पण पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात. ते शक्य नसेल तर कुंडी विटेवर तिरपी टेकवावी, म्हणजे पाणी साचत नाही. कुंडीखालची बशी काढूनच टाकावी.

कूज की तहान?

बुंधा मऊ लागला की लोक घाबरून पाणी घालतात आणि तेथेच घात होतो. मऊपणा दोन प्रकारचा असतो. माती कोरडी, बुंधा सर्व बाजूंनी सारखाच किंचित दबणारा आणि साल सुरकुतलेली असेल, तर ती तहान. पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत बुंधा पुन्हा टणक होतो. माती ओली, पाने पिवळी आणि बुंध्याचा एखादाच भाग पिचपिचीत, तपकिरी झालेला असेल, तर ती कूज.

कूज दिसताच त्याच दिवशी झाड मातीतून काढावे. मुळे धुऊन, धारदार स्वच्छ सुरीने सडलेला भाग कापत जावे, निरोगी, डागविरहित गर दिसेपर्यंत. प्रत्येक कापानंतर सुरी पुसून घ्यावी. जखमेवर हळद लावण्याची घरगुती पद्धत अनेक बागप्रेमी पाळतात. मग झाड सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर उघडेच सुकू द्यावे. मुळे उघडी राहिल्याने ते मरत नाही. जखम कोरडी झाल्यावर नव्या मिश्रणात लावावे आणि आणखी आठवडाभर पाणी देऊ नये. वेळीच केले तर अर्धा बुंधा गमावलेले झाडही वाचते.

खत, छाटणी आणि कुंडीबदल

बागकामाच्या सल्ल्यांत हाडांच्या चुऱ्याची शिफारस सर्रास आढळते. आपल्या घरांत तो वर्ज्यच. झाडाचेही त्यावाचून काही अडत नाही. शेणखत, निंबोळी पेंड आणि चिमूटभर रॉक फॉस्फेट यांनी तेच काम होते. युरियासारख्या नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने वाढतात, फुले घटतात. खत केवळ वाढीच्या काळात द्यावे, विश्रांतीत नव्हे.

फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात. म्हणून थंडी सरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, फांद्या एकतृतीयांश ते निम्म्या छाटाव्यात. एका कापातून दोन-तीन फुटवे येतात आणि झाड डेरेदार होते. त्याच सुमारास, दोन वर्षांतून एकदा, कुंडी बदलावी. दर वेळी झाड बोटभर उंच बसवावे, म्हणजे मुळांचे वळसे वर दिसू लागतात आणि झाडाला वयोवृद्ध रूप येते.

किडींची समस्या

पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी हे नेहमीचे उपद्रव. दोन्ही बहुधा कोंदट, दुर्लक्षित जागी बळावतात. कुंड्यांत अंतर ठेवावे, उन्हाळ्यात पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी, पंधरवड्याने सौम्य निमतेल शिंपडावे. आरंभीच काळजी घेतली तर विषारी फवाऱ्याची वेळ येत नाही.

कधी एका रात्रीत अर्धी पाने नाहीशी होतात. शोधले तर बोटाएवढी हिरवी अळी सापडते. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके. कण्हेरीवर वाढणाऱ्या एका देखण्या, हिरव्या नक्षीच्या पतंगाची ही अळी. तिने पाने खाल्ली तरी झाड मरत नाही. नवी पालवी फुटते. कागदावर अलगद घेऊन तिला बाहेरच्या कण्हेरीवर किंवा तगरीवर सोडावे. तिचे अन्न तेथेही आहे.

खरेदी पारखून करावी

थायलंड आणि तैवानमधील संकरकारांनी दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची, पिवळी, जवळजवळ काळपट लाल अशी असंख्य वाणे तयार केली आहेत. असा विशिष्ट रंग हवा असेल तर कलम घ्यावे. बियांपासून आलेले रोप आईसारखेच फुलेल याची शाश्वती नसते. मात्र सुडौल, भरीव बुंधा बियांच्या रोपालाच येतो. ताजे बी आठवडाभरात उगवते आणि साधारण दीड-दोन वर्षांत फुलू लागते. कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे काढत राहावे, नाहीतर मूळ झाडच वरचढ होते.

घेताना बुंधा चारी बाजूंनी दाबून पाहावा; टणक असेल तरच घ्यावा. आणि गडद निळ्या अडेनियमचे छायाचित्र दाखवून कोणी बिया विकत असेल तर पैसे जपून ठेवावेत. निळ्या फुलांचे अडेनियम अस्तित्वातच नाही.

घरात लहान मुले असतील तर

या झाडाच्या सर्वांगात विष आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. आफ्रिकेतील शिकारी त्याचा चीक आटवून बाणांच्या टोकांना लावीत; मोठी जनावरेही त्याने कोसळत. कण्हेरीप्रमाणेच त्यातील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. म्हणून कुंडी रांगत्या मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. छाटताना हातमोजे घालावेत, नंतर हात आणि सुरी साबणाने धुवावी. ती सुरी स्वयंपाकघरात परत नेऊ नये. ताटाच्या किंवा मिठाईच्या सजावटीत ही फुले वापरू नयेत. चीक डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. कोणी पान-फूल खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी.

एवढी दक्षता घेतली तर भिण्याचे कारण नाही. नीट सांभाळलेले अडेनियम कित्येक दशके जगते. आज नातवाच्या हाताएवढा असलेला बुंधा त्याच्या लग्नापर्यंत दोन हातांच्या कवेत मावणार नाही. येत्या मृगापूर्वी आपल्या कुंडीचे छिद्र मोकळे आहे ना, एवढे अवश्य पाहावे.