सुटींतील कलाशिक्षण आणि घरचा जमाखर्च

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं घरोघर एक प्रश्न हळूच डोकें वर काढतो. मुलीला तीन आठवड्यांच्या नाट्यशिबिरास जावयाचें असतें. मुलाला गुरूंच्या घरीं राहून तबल्याचा रियाज करावयाचा असतो. हौस खरी असते, अंगीं गुणही असतो. अडतें तें शुल्कापाशीं. एकत्र कुटुंबांत हा प्रश्न एकट्या आईबापांचा राहत नाहीं. एकाच्या शिबिराचे पैसे म्हणजे दुसऱ्याच्या शिकवणीचे किंवा तिसऱ्याच्या चष्म्याचे पैसे असतात. म्हणूनच तो चारचौघांत, उघडपणें सोडविला पाहिजे.

आमच्याच घरांतील गोष्ट सांगतों. माझ्या आत्याचा आवाज गोड होता. तिची गाण्याची शिकवणी चार वर्षें चालली. पुढें धाकट्या काकांच्या शिक्षणाचा खर्च वाढला आणि शिकवणी बंद झाली. कोणी रागावलें नाहीं, कोणी तिला विचारलेंही नाहीं. परवां माझ्या पुतणीच्या नाट्यशिबिराची गोष्ट निघाली, तेव्हां सत्तरी ओलांडलेली आत्या एवढेंच म्हणाली, "पैसे नव्हते, याचें मला दुःख नाहीं रे. मला कोणी विचारलें नाहीं, याचें आहे." त्यानंतर आम्ही सारे जमाखर्चाची वही घेऊन बसलों.

बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही कीं, शुल्क म्हणजे सगळा खर्च नव्हे. प्रवास, निवास, जेवण, पोशाख, शेवटच्या प्रयोगास जाणाऱ्या घरच्या मंडळींचें भाडें, हें सर्व निराळें. शुल्कांत काय येतें, काय येत नाहीं, आणि मूल मध्येंच आजारी पडल्यास किती रक्कम परत मिळते, हें संस्थेकडून लेखी मागून घ्यावें. त्या गांवीं मावशी-काकू राहत असतील तर निवासाचा मोठा भार हलका होतो. मात्र त्यांच्या सोयीची आधीं चौकशी करावी, आणि मुलाच्या हातीं नुसता खाऊ न पाठवितां किराण्याचा भारही आपण उचलावा.

दुसरी गोष्ट सवलतीची. ती जाहिरातींत छापलेली नसली तरी विचारून पाहावी. अर्ज विनयाचा, पण स्पष्ट असावा: घरचें उत्पन्न किती, आपण किती देऊं शकतों, उणें किती पडतें. 'जमेल तेवढें करावें' या मोघम विनंतीपेक्षां निश्चित आंकडा देणें दोघांनाही सोयीचें. यांत संकोच कसला? पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तेथें होतकरू पण गरजू विद्यार्थ्यांची जेवण्याराहण्याची सोय करून त्यांना विद्या दिली गेली, आणि त्यांनीं पुढें संगीतप्रसाराचें काम करावें अशी अपेक्षा ठेवली गेली. सवलत ही अशी देवघेव आहे. शिबिराहून परतलेल्या मुलीनें शेजारच्या चार मुलांना शिकविलें, तर ऋण थोडें तरी फिटतें.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची योजना १९८२ पासून आहे. ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं. ती दीर्घ अभ्यासासाठीं असते, तीन आठवड्यांच्या शिबिरासाठीं नव्हे. परंतु वर्षाच्या शिक्षणाचा भार तिनें उचलला, तर घरची शिल्लक शिबिरास मोकळी होते.

चौथी गोष्ट मदतीच्या कार्यक्रमाची. १९२१ सालीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, तो प्रसिद्धच आहे. त्या मानानें आपलें कार्य लहान. तरी गणेशोत्सवांत मुलांनीं बसविलेल्या नाटिकेची मदतपेटी एखाद्या गरजू मुलाच्या शुल्कास पुरी पडूं शकते. दोन पथ्यें मात्र पाळावीं: मुलाच्या गरिबीचें प्रदर्शन मांडूं नये, आणि हिशेब लावून ठेवावा.

राहिली बचत. समजा, एकूण खर्च १२,००० रुपये आहे. एप्रिलांत तो डोंगर वाटतो. जूनपासून मार्चपर्यंत दहा महिने १,२०० रुपये बाजूला टाकले तर तो पेलतो. कर्ज मात्र काढूं नये. पलुसकरांसारख्या उद्योगी पुरुषानेंही मुंबईंत कर्ज काढून इमारत उभारली आणि अखेर ती लिलावांत गेली. सुटी महिन्यांत संपते. व्याज संपत नाहीं.

आमच्या वहीचा निकाल काय लागला? यंदा पुतण्याच्या प्रवेशपरीक्षेचा खर्च मोठा, म्हणून पुतणी गांवांतल्याच दिवसाच्या शिबिरास जाईल. दूरच्या निवासी शिबिरासाठीं जूनपासून निराळें खातें उघडावयाचें. ती थोडी हिरमुसली, हें खरें. परंतु आंकडे तिच्यासमोर होते, आणि खात्यांत पहिले पैसे आपल्या वाढदिवसाच्या भेटीचे घालण्याचें तिनेंच सुचविलें. आत्यानें मान डोलावली आणि दुसरी रक्कम आपली लिहून घ्यावयास सांगितली.

ज्या घरांत मुलांना 'नाहीं' म्हणावें लागतें, त्या घरीं निदान कारण सांगून, आणि 'केव्हां' हें ठरवून म्हणावें. पैशाची उणीव मूल विसरतें. न विचारल्याचें शल्य सत्तरीपर्यंत राहतें.